प्रौढांनी बूस्टर घ्यायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न नाही का?

कुठली लस, त्यावर आहे. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही; दहा वर्षांनी बूस्टर टाळलात तर धोका तुमचा एकट्याचा. (गंजका खिळाच लागतो असं नाही, बागेतली मातीही पुरते.) डांग्या खोकल्याचं तसं नाही. बाळाला पहिली पेंटाव्हॅलंट लस (पाच आजारांवरची, त्यात डांग्या खोकलाही येतो) दीड महिन्याला मिळते. तोवर घरातल्या खोकणाऱ्या काका-आजोबांकडून त्याला संसर्ग होऊ शकतो, आणि इतक्या लहान जिवावर तो बेतू शकतो. तिथे 'माझी मर्जी' मला पटत नाही.

सक्तीचं म्हणाल, तर मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविड लशीबाबत स्पष्ट केलं: जबरदस्तीने टोचता येणार नाही, पण सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं.

आणि हो, जखमेनंतर देतात त्या टीटी (धनुर्वाताची) किंवा टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची) इंजेक्शनात डांग्या खोकल्याची लस नसते. ती असलेली टीडॅप लस वेगळी मागा.