वाचकांचे प्रश्न : गेमिंग संगणकाची जुळणी

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेम खेळण्यासाठी आणि थोड्याफार त्रिमितीय कामासाठी त्याला संगणक हवा आहे. लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानातून मिळालेले कोटेशन असे : इंटेल कोअर आय७-१४७००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एक पट्टी, आरटीएक्स ३०५० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, ४५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि समोरून काच असलेले, सहा रंगीत पंख्यांचे कॅबिनेट. २४ इंची, फुल एचडी, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घरी आहे. हे कोटेशन स्वीकारावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : स्वीकारू नये. आय७ हे नाव आणि काचेचे कॅबिनेट ग्राहकाच्या नजरेत भरतात, म्हणून त्यांच्यावर सढळ हाताने खर्च दाखवला आहे. गेम ज्यांच्या जोरावर चालतो त्या वस्तूंमध्ये मात्र काटकसर केली आहे.

जुळणीचा विचार मॉनिटरपासून सुरू करावा, कारण किती चित्रबिंदू सेकंदाला किती वेळा रंगवायचे आहेत हे तोच ठरवतो. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, १४४० पी पडद्यावर ३६.९ लाख आणि ४के पडद्यावर ८२.९ लाख. १४४ हर्ट्झचा पुरेपूर उपयोग व्हायचा असेल तर प्रत्येक चित्र साधारण ७ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. ६० हर्ट्झच्या मॉनिटरला हीच मुदत १६.७ मिलिसेकंदांची असते. या मुदतीत प्रोसेसर पात्रांच्या हालचालींचा, टकरींचा आणि नेमबाजीचा हिशेब करून काय काढायचे याच्या आज्ञा देतो आणि ग्राफिक्स कार्ड ते प्रत्यक्ष रंगवते. बहुतेक गेमना सहा ते आठ वेगवान कोअर, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनाकेंद्रे, पुरतात. १४७००एफमध्ये ८ मोठे आणि १२ छोटे असे २० कोअर आहेत; त्यांतील बरेचसे गेम चालू असताना रिकामे राहतील. शिवाय हा प्रोसेसर भरात असताना २१९ वॉटपर्यंत वीज ओढतो आणि स्वस्त एच६१० बोर्डाच्या वीजपुरवठ्याच्या भागाला तो भार फार वेळ पेलत नाही, त्यामुळे बोर्ड प्रोसेसरचा वेग उतरवतो. थोडक्यात, आपण आय७चे पैसे मोजाल आणि काम आय५चे मिळेल.

ग्राफिक्स कार्डाची गोष्ट अधिक गंभीर आहे. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने दोन वेगळी कार्डे विकली जातात. मूळ ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर (हे कार्डाचे छोटे कोअर, प्रोसेसरच्या कोअरशी त्यांची तुलना करू नये) आणि १२८ बिटचा मेमरी बस, म्हणजे मेमरीकडे जाणारा मार्ग, आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिटचा बस आहे. हे दुसरे कार्ड ७० वॉटमध्ये चालते आणि त्याला वेगळी वीजतार लागत नाही, म्हणून ऑफिसमधला जुना संगणक खेळण्याजोगा करायला ते उत्तम आहे. नव्या जुळणीत मात्र त्याला जागा नाही. मेमरीचा आकडा येथे निर्णायक ठरतो. गेममधील पोत (पृष्ठभागांवरची चित्रे) आणि दृश्ये कार्डाच्या मेमरीत मावली नाहीत की ती संगणकाच्या रॅममध्ये सांडतात आणि तेथून पुन्हापुन्हा आणावी लागतात. अशा वेळी सरासरी वेग कागदावर ठीक दिसतो, पण खेळताना मधूनच झटके बसतात. म्हणून आज नवीन कार्ड घेताना, परवडत असेल तर, १६ जीबीचेच घ्यावे : आरटीएक्स ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी. ही दोन्ही कार्डे ८ जीबीतही मिळतात, त्यामुळे बिलावर मेमरीचा आकडा स्पष्ट लिहून घ्यावा. चिरंजीवांना त्रिमितीय काम करायचे आहे आणि त्या क्षेत्रातील अनेक सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कुडा प्रणालीवर विसंबून असतात; म्हणून त्यांच्यासाठी मी पहिल्या कार्डाकडे झुकेन. केवळ गेमच असते तर दुसरे सुचवले असते.

प्रोसेसर म्हणून रायझन ५ ७६०० आणि बी६५० मदरबोर्ड पुरेसे आहेत. त्याचा एएम५ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, म्हणजे तीन-चार वर्षांनी बोर्ड न बदलता नवा प्रोसेसर बसवण्याची सोय राहते. १४७००एफच्या सॉकेटची वाट मात्र त्याच पिढीशी संपली. आणखी एक फरक असा की इंटेलच्या नावातील ‘एफ’ म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नाही. कार्ड दुरुस्तीला गेले तर पडदा काळाच राहील. ७६००मध्ये कामचलाऊ ग्राफिक्स आहे, तेवढ्यावर मुलाचा प्रोजेक्ट तरी अडणार नाही.

रॅमची एकच पट्टी घेतल्याने मेमरीचा अर्धा मार्ग बंद राहतो, म्हणून एकूण क्षमता कितीही असो, ती दोन पट्ट्यांत घ्यावी. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भडकल्यामुळे दुकानदारांचा कल एका पट्टीकडे असतो हे समजण्यासारखे आहे, पण १६ जीबीच्या खाली जाऊ नये. चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या बसवाव्यात. त्यानंतर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारा एक्स्पो, आणि इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी, हा पर्याय चालू करावा. तो बंद राहिल्यामुळे ६०००ची पट्टी ४८००च्या वेगाने चालत असल्याचे मी अनेकांच्या संगणकांत पाहिले आहे, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

कोटेशनमधील सर्वांत चिंतेची ओळ एसएमपीएसची आहे, कारण तिच्यात कंपनीचे नावच नाही. दुकानात एसएमपीएस हातात घेऊन त्याच्या बाजूचे लेबल वाचावे. तेथे १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर दिलेले असतात. त्यांना १२ने गुणावे. प्रोसेसर आणि कार्ड याच रकान्यावर जगतात. डब्यावर ४५० वॉट छापलेले आणि आत १२ व्होल्टवर २५ अँपिअर, म्हणजे जेमतेम ३०० वॉट, असा माल बाजारात सर्रास मिळतो. ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र फक्त विजेच्या कार्यक्षमतेबद्दल बोलते, संरक्षणाबद्दल नाही. पण ते नसलेल्या एसएमपीएसचा विचारही करू नये. नामांकित कंपनीचा, ब्राँझ किंवा त्यावरचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा ६५० वॉटचा एसएमपीएस पुढच्या कार्डालाही पुरेल.

एसएसडी १ टीबीची, एनव्हीएमई प्रकारची घ्यावी. आजचा एकेक मोठा गेम १०० जीबी सहज खातो. कॅबिनेट समोरून जाळीचे हवे. काचेतून हवा जात नाही.

प्रश्न : अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. नव्या संगणकाला लिक्विड कूलिंग बसवावे असे मित्र म्हणतात. विजेचेही लपंडाव असतात. साधा ६०० व्हीएचा यूपीएस चालेल का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : पाण्याचे असो वा हवेचे, कोणतेही कूलिंग खोलीतील हवेपेक्षा प्रोसेसरला थंड करू शकत नाही, ते फक्त उष्णता त्या हवेत सोडते. वर सुचवलेल्या ७६००सारख्या ६५ वॉटच्या प्रोसेसरसाठी चांगला टॉवर कूलर (धातूच्या पात्यांचा, पंखा लावलेला) भरपूर होतो, आणि त्यात पंप नसल्याने बिघडण्यासारखे पंख्याशिवाय काही नसते. वाचलेल्या पैशांत समोर दोन आणि मागे एक पंखा घ्यावा व जाळी दर महिन्याला झटकावी. विदर्भातल्या घरांत एक खबरदारी आवर्जून घ्यावी : खोली गार करणाऱ्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. त्या दमट हवेबरोबर धूळ आत जाऊन पंख्यांवर आणि पात्यांवर थर बनून चिकटते आणि मग ती फुंकून निघत नाही.

६०० व्हीएचा यूपीएस साधारणपणे ३६० वॉटचा असतो. संगणक आणि मॉनिटर मिळून गेम चालू असताना त्या मर्यादेच्या जवळ जात असतील तर वीज जाताच यूपीएसही मान टाकेल. १००० व्हीएच्या पुढचा घ्यावा आणि त्याच्याकडून गेम संपवण्याची नव्हे, संगणक नीट बंद करण्यापुरत्या वेळेची अपेक्षा ठेवावी. त्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असे बहुधा समजावे. एसएमपीएसमधील गाळणीतून पाझरणारा सूक्ष्म प्रवाह जमिनीत न जाता पत्र्यावर राहतो. तीन पिनांची तार दोन पिनांच्या जोडणीतून घालण्याची घराघरांतील सवय येथे महागात पडते.

प्रश्न : माझ्याकडे रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर आहे. नवे गेम अडखळतात. आधी प्रोसेसर बदलू की कार्ड?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपला संगणकच याचे उत्तर देईल. अडखळणारा गेम सुरू करून रिझोल्यूशन दोन पायऱ्या खाली आणावे. वेग भरभर वाढला तर अडचण कार्डाची आहे. जवळपास तेवढाच राहिला तर प्रोसेसरची, कारण बिंदू कमी झाल्याने प्रोसेसरचे काम कमी होत नाही. आपले कार्ड ६ जीबीचे आहे, त्यामुळे नव्या भव्य गेममध्ये बहुधा तेच अपुरे पडत असावे. काउंटर-स्ट्राइक २ सारख्या, प्रोसेसरवर अधिक भार टाकणाऱ्या गेममध्ये निकाल उलटा येऊ शकतो.

कार्ड बदलताना एक बारकावा लक्षात ठेवावा. बी४५० बोर्डावरील ग्राफिक्स कार्डाची खाच पीसीआयई ३.०ची, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या पिढीची आहे. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डे खाचेतील माहिती नेणाऱ्या केवळ ८ मार्गिका वापरतात, तर आरएक्स ९०६० एक्सटी सोळाही वापरते. नव्या बोर्डावर हा फरक जाणवत नाही, पण जुन्या खाचेत, विशेषतः मेमरी भरून सांडू लागली की, तो दिसू लागतो. म्हणून आपल्यासाठी १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी अधिक योग्य. पुढे प्रोसेसर बदलावासा वाटला तर याच बोर्डावर रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसर बसू शकेल. जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच बायोस अद्ययावत करून घ्यावा.

प्रश्न : माझे मामा दिवाळीला अमेरिकेहून येणार आहेत. त्यांच्याकडून ग्राफिक्स कार्ड मागवले तर स्वस्त पडेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : किमतीत कदाचित पडेल, पण तेथील छापील किमतीत त्या राज्याचा विक्रीकर धरलेला नसतो, तो आधी मिळवावा. प्रौढ प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त आणता येतो; ती सवलत सुट्या कार्डाला लागू नाही, ते सामानाच्या सर्वसाधारण मर्यादेत मोजले जाते. मुख्य प्रश्न वॉरंटीचा आहे. कार्ड बनवणाऱ्या अनेक कंपन्यांची वॉरंटी खरेदीच्या देशापुरतीच असते आणि भारतातील सेवा केंद्र येथील बिल मागते. मामांना ऑर्डर देण्यापूर्वी त्या कंपनीच्या भारतातील सेवा केंद्राला ईमेल पाठवून लेखी उत्तर मागवावे. उत्तर नकारार्थी आले तर कार्ड पुण्यातच घ्यावे, कारण एकदा ते बंद पडले की दुरुस्तीसाठी मामांच्या पुढच्या फेरीची वाट पाहावी लागेल.