होलोग्राम आहे, पण कशाचा?

बेसबॉलच्या सामन्यात प्रत्यक्ष वापरलेले चेंडू, बॅटी आणि जर्सी जमवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

मुलाच्या वाढदिवसासाठी न्यूयॉर्क यांकीज संघाच्या सामन्यातला चेंडू ऑनलाइन बघितला. त्यावर मेजर लीगचा (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचा) होलोग्राम, म्हणजे चकचकीत चिकटपट्टी आहे, विक्रेता 'गेम-यूज्ड' (सामन्यात वापरलेला) म्हणतो, किंमत 450 डॉलर. होलोग्राम आहे म्हटल्यावर डोळे झाकून घ्यावा का? (एडिसन, न्यू जर्सी)

डोळे उघडे ठेवूनच घ्या. होलोग्राम खरा असतो आणि तरीही गिऱ्हाईक फसतं, असं या बाजारात सर्रास घडतं.

खोट्या सह्यांच्या टोळ्यांवर एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' ही कारवाई केली आणि त्यानंतर 2001 मध्ये मेजर लीगने स्वतःची पडताळणी व्यवस्था सुरू केली. प्रत्येक सामन्याला लीगचा ऑथेंटिकेटर, म्हणजे वस्तूंची पडताळणी करणारा माणूस, मैदानाशी बसलेला असतो. यातले बरेच जण पोलीस खात्यात काम केलेले असतात. चेंडू खेळातून बाहेर आला की त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या हातात येतो, त्यावर क्रमांकाचा होलोग्राम चिकटतो आणि नोंद होते. किंमत आहे ती या नोंदीला. चकचकीत चिकटपट्टी हा नोंदीपर्यंत पोहोचायचा नुसता पत्ता.

म्हणून विक्रेत्याकडून पूर्ण क्रमांक मागून घ्या. फोटोत शेवटचे आकडे बोटाखाली झाकले असतील आणि विचारूनही मिळत नसतील, तर तो व्यवहार तिथेच सोडा. क्रमांक लीगच्या संकेतस्थळावर टाकला की वस्तू कोणती, तारीख कोणती, आणि चेंडू असेल तर बहुधा इनिंग (डाव), पिचर (चेंडू टाकणारा), बॅटर (फटका मारणारा) आणि त्या चेंडूवर काय झालं, एवढं दिसतं. नोंदीत फक्त सहीचा उल्लेख असेल, तर सही साक्षीदारासमोर झाली एवढंच सिद्ध होतं. चेंडू दुकानातून आणलेला कोराही असू शकतो. 'टीम-इश्यूड' लिहिलं असेल तर वस्तू संघाने खेळाडूसाठी काढली होती, ती सामन्यात वापरली गेल्याची साक्ष नाही. हे दोन्ही प्रकार 'होलोग्रामवाला गेम-यूज्ड' म्हणून खपवले जातात. नोंद वाचल्यावर त्या दिवसाचा धावफलक उघडून तो पिचर त्या इनिंगमध्ये खरंच मैदानात होता का, तेही बघा. आणि वस्तू हातात आल्यावर होलोग्रामच्या कडा तपासा. तो उचकटला की फाटावा अशीच त्याची घडण असते, त्यामुळे फाटलेला किंवा वरून पारदर्शक पट्टीने दाबलेला होलोग्राम नको.

आता 450 डॉलरचं. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला इथे हमखास चकवा बसतो. आपल्याकडे कसोटीत एक चेंडू 80 षटकं चालतो. बेसबॉलमध्ये चेंडू मातीत आपटला तरी सहसा बदलतात, एका सामन्यात साधारण 100 ते 120 चेंडू लागतात आणि मोसमात 2,430 साखळी सामने होतात. त्यामुळे मातीत आपटून बाद झालेला चेंडू अस्सल असूनही दुर्मीळ नाही. असे चेंडू अनेकदा 100 डॉलरच्या आत मिळतात. नोंदीत नावाजलेल्या पिचरचा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) किंवा मोठ्या बॅटरचा फटका असेल तरच 450 चा विचार करा.

गेल्या मोसमात स्टँडमध्ये आलेला फाउल बॉल (हद्दीच्या रेषेबाहेर गेलेला फटका) मी स्वतः झेलला. त्यावर होलोग्राम मिळेल का? (शिकागो)

नाही. चेंडू प्रेक्षकांत गेला की ऑथेंटिकेटरची नजर तुटते, आणि खिशात दुसरा चेंडू घेऊन येणारा माणूस त्याला ओळखता येत नाही. याला अपवाद विक्रमाच्या तोंडावरचा. अशा वेळी त्या बॅटरसाठी आधीच गुप्त खुणा केलेले चेंडू खेळात आणतात. 1998 मध्ये मार्क मॅग्वायरसाठी आणि 2022 मध्ये ॲरन जजसाठी तेच केलं होतं. तुमचा चेंडू खराच आहे, फक्त बाजारात तो सिद्ध होणार नाही. तिकीट आणि प्रक्षेपणाची चित्रफीत जपून ठेवा, विकण्याच्या भानगडीत पडू नका.

असाच बिनहोलोग्रामचा चेंडू कुणी तुम्हाला विकू लागला, तर दोन गोष्टी घरबसल्या तपासता येतात. 2000 पासून मेजर लीगमधल्या दोन्ही लीगला (अमेरिकन आणि नॅशनल) एकच चेंडू आहे आणि त्यावर कमिशनरची, म्हणजे मेजर लीगच्या प्रमुखाची, छापील सही असते: आधी सेलिग, 2015 पासून मॅनफ्रेड. मॅनफ्रेडच्या सहीचा चेंडू '2012 च्या सामन्यातला' असूच शकत नाही. दुसरी गोष्ट रंगाची. सामन्याआधी प्रत्येक चेंडूवर चिखल चोळून त्याची गुळगुळीत चकाकी घालवतात, आणि हा चिखल वरच्या पहिल्या प्रश्नकर्त्याच्याच न्यू जर्सीतून, डेलावेअर नदीच्या एका उपनदीतून येतो. त्यामुळे खेळलेल्या चेंडूचं कातडं मळकट पिवळसर दिसतं आणि टाक्यांच्या कडेला काळपट रेघ धरते. दुधासारखा पांढराशुभ्र चेंडू बहुधा डब्यातून थेट तुमच्याकडे आलेला असतो.

'फोटो-मॅच' केलेली जर्सी दुप्पट-तिप्पट महाग का? (फ्रीमॉंट, कॅलिफोर्निया)

कारण फोटो-मॅच म्हणजे जर्सी सामन्याच्या फोटोशी जुळवलेली, तिथे साक्षीदार म्हणून कॅमेरा उभा असतो. यांकीजच्या घरच्या जर्सीवरच्या उभ्या रेघा बघा. प्रत्येक जर्सीचं कापड वेगळं बेतलं जातं, त्यामुळे छातीवरच्या एन-वाय या अक्षरांच्या कोणत्या टोकाला कोणती रेघ शिवते, बटणपट्टीवर डाव्या-उजव्या रेघांत किती फरक पडतो, पाठीवरच्या आकड्याखालून रेघ कुठे निघते, हे दोन जर्सींत सहसा तंतोतंत जुळत नाही. सामन्याचा मोठा, स्पष्ट फोटो शेजारी ठेवून अशा चार-पाच जागा जुळल्या की ते बोटांच्या ठशासारखं काम करतं. साध्या पांढऱ्या जर्सीवर मात्र अक्षरांचे तिरके टाके, सुटलेला धागा किंवा न निघालेला डाग शोधावा लागतो.

विक्रेता 'स्टाइल-मॅच' म्हणत असेल तर सावध व्हा. त्याचा अर्थ फक्त नमुना त्या वर्षाचा आहे. तसा तो दुकानातल्या जर्सीचाही असतो. लेबलही वाचा: 2005 ते 2019 सगळ्या संघांची जर्सी मॅजेस्टिकची, 2020 पासून नाइकीची. '2021 ची मॅजेस्टिक' हा विनोद झाला.

जुळवणीचं वजन किती, याचा दाखला यांकीजचा दिग्गज खेळाडू बेब रूथच्या जर्सीचा. ती 2005 मध्ये 9 लाख 40 हजार डॉलरला गेली होती. 1932 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या (मोसमाच्या अंतिम मालिकेतल्या) तिसऱ्या सामन्याच्या छायाचित्रांशी पुढे तिची जुळवणी झाली, आणि 2024 मध्ये तिला 2 कोटी 41 लाख 20 हजार डॉलर मिळाले. मधल्या काळात सगळा बाजारच चढला होता हे खरं, पण एवढी उडी नुसत्या तेजीने बसत नाही.

जुनी बॅट घेताना काय बघावं? (ह्यूस्टन)

मॉडेल क्रमांकावर भाळू नका. तोच आकार इतर खेळाडूही वापरतात आणि दुकानातही मिळतो. मुठीच्या टोकावर 33 किंवा 34 असा लांबीचा आकडा ठोकलेला असेल तर ती बहुधा दुकानी बॅट. चेंडूच्या टाक्यांचे ठसे फटक्याच्या जागी एकवटलेले हवेत, सगळीकडे सारखे विखुरलेले नकोत. पाइन टार (पकड घट्ट राहावी म्हणून लावलेला चिकट डांबरासारखा पदार्थ) मुठीच्या टोकापासून 18 इंचांच्या पुढे नियमाने चालत नाही, आणि प्रत्येक खेळाडूची ते लावायची जागा ठरलेली असते. फोटोशी ताडून बघा. तडा गेलेली बॅट म्हणून नाक मुरडू नका, तडा हाही वापराचा पुरावाच.

लिलावात किती बोलावं, हे ठरवायचं कसं? (जर्सी सिटी)

मागितलेली किंमत विसरा, झालेली विक्री बघा. ईबेवर 'सोल्ड' ही चाळणी लावा. पण 'बेस्ट ऑफर', म्हणजे गिऱ्हाइकाने सांगितलेली कमी किंमत स्वीकारलेली असेल तर तिथे दिसणारा आकडा आधी मागितलेल्या किमतीचा असतो, खरा सौदा त्याखाली झालेला असतो. गेल्या वर्षभरातल्या किमान तीन विक्री बघा. एका विक्रीवरून भाव ठरत नाही, कारण बोली फुगवणारे असतात. अमेरिकेतल्या एका बड्या लिलावगृहाच्या प्रमुखाने, बिल मॅस्ट्रोने, 2013 मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला, त्यात बनावट बोल्यांचाही भाग होता.

वरचा खर्चही धरा. 1,000 डॉलरच्या बोलीवर लिलावगृहाने खरेदीदाराकडून घेतलेला 22 टक्के प्रीमियम धरला की 1,220. त्यावर न्यू जर्सीचा 6.625 टक्के विक्रीकर, की पाठवणावळ वगळून 1,300 झाले.

गरम तव्यावर खरेदी करू नका. मॅग्वायरच्या एका मोसमातल्या 70 व्या होम रनचा (षटकारासारख्या फटक्याचा) चेंडू 1999 मध्ये 30 लाख डॉलरच्या वर गेला. बॅरी बॉन्ड्सने 73 मारून तो विक्रम मोडला, पण त्या चेंडूला 2003 मध्ये 5 लाख 17 हजार 500 डॉलरच मिळाले, आणि तेही दोन प्रेक्षकांचा मालकीचा खटला संपल्यावर वाटून. जजच्या 62 व्या होम रनच्या चेंडूला 30 लाखांची मागणी आली होती. मालकाने ती नाकारली, आणि काही आठवड्यांनी लिलावात 15 लाख आले.

मुलाने अमेरिकेहून पाठवलेल्या चेंडूवर पावसाळ्यात बुरशीचे ठिपके आले. तेल लावू का? (पुणे)

अजिबात नको. तेलाने कातडं काळवंडतं आणि चिखलाचा थर निघून जातो, म्हणजे वापराची खूणच पुसली जाते. कोरड्या मऊ ब्रशने ठिपके झटका, होलोग्रामला हात लावू नका. चेंडू अतिनील किरण अडवणाऱ्या पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा. जून ते सप्टेंबर त्या पुड्या दर तीन आठवड्यांनी बदला. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ओल तिथूनच येते.