पोस्टडॉक म्हणजे परत शिक्षण का? निपाणीच्या काकांना उत्तर

प्रश्न असा होता: मुलीची बेळगावच्या व्हीटीयूतून, म्हणजे विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीतून, कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी झाली, आता जर्मनीला 2 वर्षं पोस्टडॉकला जाते म्हणतेय. इथल्या कॉलेजात नोकरी मिळत असताना परत शिक्षण कशाला, खर्च किती, आणि पुढं काय?

काका, आधी पैशाचं सांगते म्हणजे जीव भांड्यात पडेल. फी नसते. पोस्टडॉक ही पीएचडीनंतरची ठराविक मुदतीची संशोधनाची नोकरी आहे, उलट तेच पगार देतात, जर्मनीत युनिव्हर्सिटीत असेल तर बहुतेक वेळा सरकारी पगाराच्या तक्त्यातली ई 13 नावाची ग्रेड लागते, त्यातून टॅक्स, हेल्थ इन्शुरन्स, पेन्शन सगळं कापून राहिलेलं हातात. डिग्री नाही, परीक्षा नाही. पीएचडीच्या वर सहसा डिग्री नसते हो, त्यामुळं "अजून किती शिकूलीय तुमची पोरगी" असं पाहुण्यांत कोण विचारलं तर "शिकूलीय कुठं, नोकरीला लागली की" म्हणून सांगा, त्यात खोटं काही नाही.

मी शहापूरची, बेळगावातलीच. युरोपात पोस्टडॉक करून आता इकडंच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, त्यामुळं दोन्ही बाजू बघून झाल्यात.

पीएचडीत गाईड हात धरून चालवतो, निदान तशी अपेक्षा असते. पोस्टडॉकमध्ये प्रश्न स्वतः शोधायचा, स्वतः सोडवायचा, आणि हे काम हिचं आहे असं बाहेरच्या लोकांनी म्हटलं पाहिजे. माझा विषय बोलणं ऐकून टाईप करणाऱ्या सिस्टीमचा होता. पुण्या-मुंबईच्या बातम्यांवर शिकलेली सिस्टीम घेतली आणि बेळगावच्या भाजी मार्केटातलं रेकॉर्डिंग लावलं, बाई म्हणतेय "ऐवत्त रुपयाला दोन पेंड्या घ्या की ओ", आणि स्क्रीनवर आलं "आयुष्य रुपयाला दोन पेंड्या". आकडा कन्नडात, ऐवत्त म्हणजे पन्नास, बाकी वाक्य मराठीत, आपल्याला त्यात काही वाटत नाही पण मशीनचं डोकं तिथंच फिरतं, कारण तिला एका वाक्यात एकच भाषा असं शिकवलेलं. मग मिसळलेलं बोलणं गोळा करा, ऐकून ऐकून हातानं लिहा, कुठला शब्द कुठल्या भाषेतला ते खुणा करा, मॉडेल परत शिकवा, चुका मोजा, परत तेच. वर पीएचडीच्या पोरांचे पेपर बघून द्यायचे, मधेच प्रोफेसरच्या ग्रँटचं, म्हणजे संशोधनाला पैसे मागायच्या अर्जाचं, लिखाण. तिकडच्या लोकांना हा प्रश्नच माहीत नव्हता, तोच माझा फायदा झाला असं मला वाटतं.

अजून एक, फोनचं. आमच्या फील्डमध्ये जर्नलपेक्षा कॉन्फरन्सला जास्त मान, आणि तिथं पेपर पाठवायची डेडलाईन बऱ्याचदा "एनीव्हेअर ऑन अर्थ" असते, म्हणजे पृथ्वीवर कुठंतरी ती तारीख शिल्लक असेपर्यंत. आपल्या घड्याळात ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5:29 ला संपतं, जर्मनीत उन्हाळ्यात दुपारी 1:59 ला. त्या आठवड्यात पोरगी फोन उचलणार नाही, उचलला तरी "हं, हं" करणार. काकूंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या तिकडं काय झालं म्हणून जागून काढतील.

आता वाईट बाजू. पोस्ट कायमची नाही, कॉन्ट्रॅक्ट आहे, आणि पहिलं वर्ष बस्तान बसवण्यात जातं की दुसऱ्या वर्षी लगेच नोकरीचे अर्ज सुरू, शांत बसायला मिळत नाही. बेंगळूरूच्या कंपनीत तिच्याच शिक्षणावर कितीतरी जास्त पगार मिळेल, आणि तिला कंपनीतच जायचं असेल तर माझं स्पष्ट मत, पोस्टडॉकच्या नादाला लागू नये. आपल्याकडच्या प्रायव्हेट कॉलेजात शिकवायचं असेल तरी त्याची फारशी गरज नाही. पण आयआयटीसारख्या ठिकाणी जायचं असेल तर उपयोग होतो, तिथं असिस्टंट प्रोफेसरच्या ग्रेड वनला पीएचडीनंतर 3 वर्षांचा अनुभव मागतात, पोस्टडॉकची वर्षं त्यात धरतात. धारवाडला 2016 पासून आयआयटी आहेच, निपाणीहून हायवेनं सरळ.

बाहेर गेलेली पोरं परत येत नाहीत हे तुम्ही लिहिलं नाही पण मनात असणार. नीरज कयाल आणि नितीन सक्सेना बघा, 2002 मध्ये कानपूरला मणींद्र अग्रवाल सरांबरोबर एखादी संख्या मूळ, म्हणजे प्राइम, आहे का हे झटपट ठरवायची पद्धत काढली, जगभर नाव झालं. पीएचडीनंतर कयाल अमेरिकेत आणि सक्सेना ॲमस्टरडॅमला पोस्टडॉक करून आले, पुढं एक बेंगळूरूला मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये, दुसरे कानपूर आयआयटीतच प्रोफेसर. सगळेच येतात असं नाही, पण येतात.

देश कुठला यापेक्षा प्रोफेसर कोण हे बघा. त्यांच्याकडून आधी बाहेर पडलेले पोस्टडॉक आज कुठं आहेत, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं, पगार तिच्या स्वतःच्या फेलोशिपमधून येतोय की प्रोफेसरच्या प्रोजेक्टमधून, कारण प्रोजेक्टचा पैसा असला की प्रोजेक्टचंच काम करावं लागतं, स्वतःचा प्रश्न रात्री. आणि कॉन्ट्रॅक्ट सरळ 2 वर्षांचं आहे की 1 अधिक 1, म्हणजे आधी एक वर्ष आणि मग वाढवलं तर दुसरं. हे तिनं आधीच्या पोस्टडॉकला मेल टाकून विचारावं, लोक खरं सांगतात.

इथंच करायचं असेल तर संशोधनाला पैसे देणाऱ्या एएनआरएफ या केंद्र सरकारच्या संस्थेची, म्हणजे आधीच्या एसईआरबीची, नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप आहे, 2 वर्षांची, वयाची अट 35, मुलींना 5 वर्षं सवलत. मेंटॉर, म्हणजे ज्यांच्याकडं काम करायचं ते प्रोफेसर, आधी तयार असावा लागतो, तिथंच बरेच जण अडकतात.

व्हिसाबद्दल एकच. एमएसला जाणाऱ्या पोरांना जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे दाखवायला लागतात, ते ऐकून तुम्ही एफडी मोडायच्या विचारात असाल तर थांबा, पगाराचं कॉन्ट्रॅक्ट असलं की ते लागत नाही. मात्र व्हायवा, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा, झाला एवढ्यावर भागत नाही, पीएचडी मिळाल्याचा कागद हातात पाहिजे, आणि त्यासाठी बेळगावजवळ मच्छेला व्हीटीयूच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारलेलं बरं, मेलच्या उत्तराची वाट बघत बसू नका.