क्रूझवर केबिन स्ट्युअर्ड दिसलाच नाही, तर ग्रॅच्युइटी का द्यायची?

तुम्ही विचारलंय की पाच रात्रींच्या क्रूझवर स्ट्युअर्ड, म्हणजे केबिन आवरणारा माणूस, फक्त पहिल्या दिवशी दिसला, केबिन दिवसातून एकदाच आवरली गेली, म्हणून शेवटी ग्रॅच्युइटी, म्हणजे बिलात कर्मचाऱ्यांसाठी लावलेली टिप, काढायला लावली, तर चुकलं का. आणि वैयक्तिक सेवेची अपेक्षा ठेवावी तरी किती.

चुकलं. मी आठ वर्षं हेच काम केलंय आणि 'दिसलाच नाही' हे वाक्य घरातही ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

माझ्या चौथ्या कॉन्ट्रॅक्टमधली गोष्ट. दहा रात्रींचा प्रवास, माझ्याकडे १८ केबिन. टोकाच्या केबिनमध्ये सत्तरीच्या एक बाई एकट्याच आल्या होत्या. पहिल्या दिवशी मी नाव सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हँडलला 'डू नॉट डिस्टर्ब'चं कार्ड. दुपारी कार्ड, संध्याकाळीही कार्ड. कार्ड असलं की दार ठोठवायचं नाही, असा आमच्याकडे नियम. 'आवरायचं असेल तर फोन करा' अशी चिठ्ठी दाराखालून सरकवली. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी रात्री सुपरवायझरने बोलावलं. बाईंनी काउंटरवर तक्रार केली होती की तीन दिवस केबिनमध्ये कुणी फिरकलेलं नाही.

आम्ही दोघं माफी मागायला गेलो. दार उघडलं तर ओले टॉवेल खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेले, कचऱ्याची टोपली काठोकाठ. अंथरूण मात्र त्यांनी स्वतः घातलेलं, चादरीचे कोपरे घट्ट खोचून. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हीच मला टाळताय."

त्या आधी नेहमी लहान, महागड्या जहाजांवर जायच्या. तिथला स्ट्युअर्ड त्या नाश्त्याला निघालेल्या बघायचा आणि तेवढ्यात सगळं उरकून जायचा. कार्डाचा त्यांच्या लेखी अर्थ 'मी आत असताना येऊ नका' एवढाच. माझ्या चिठ्ठ्या त्यांनी दुकानांच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात ठेवल्या होत्या, कारण दाराखालून तेही कागद रोज येतात. पुढचे दिवस त्या बाहेर पडताना मला पॅसेजमध्ये "निघाले" म्हणून सांगायच्या आणि पंधरा मिनिटांत केबिन तयार असायची. माझ्या नावावर लेखी वॉर्निंग पडली ती पडलीच. आजही ती मला मान्य नाही.

अपेक्षा किती ठेवायची ते जहाजावर अवलंबून आहे. सिल्व्हरसी या महागड्या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर प्रत्येक स्वीटला बटलर असतो. 'आयकॉन ऑफ द सीज' या अवाढव्य जहाजावर केबिनमागे दोघे धरले तरी ५,६१० प्रवासी होतात आणि कर्मचारी २,३५०. त्यात इंजिनवाले, डेकवाले, किचन, रंगमंचावरचे कलाकार, सगळे आले. दोन्हीकडे सारखंच लाड करून घ्यायची इच्छा असेल तर तिकीट काढतानाच चूक झाली. शिवाय महामारीनंतर बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी सकाळ-संध्याकाळची सफाई दिवसातून एकदाच केली. ते स्ट्युअर्डने ठरवलेलं नाही. माझ्याकडच्या केबिन त्यानंतर २५च्या वर गेल्या. दुपारी तो कुठे गायब होतो, तर झोपायला जातो. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन या जहाजावरच्या कामगारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी लागते. तिचे फार तर दोनच तुकडे चालतात आणि त्यातला एक निदान ६ तासांचा हवा. रात्री उशिरा सुटून पहाटे परत उभा राहणारा माणूस तो दुसरा तुकडा दुपारीच घेणार.

आता माझे मेहुणे. दोन वर्षांपूर्वी ताईला घेऊन क्रूझवर गेले आणि आल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं की स्ट्युअर्डचं तोंडही दिसलं नाही, म्हणून ग्रॅच्युइटी काढायला लावली आणि हसून बोलणाऱ्या वेटरच्या हातात रोख ठेवली. मी विचारलं, "दाजी, रोज केबिन आवरलेली होती ना?" म्हणाले, "होती, पण ते त्याचं कामच आहे." अहो, मग कामाचेच तर ते पैसे आहेत! ग्रॅच्युइटी नाव असलं तरी माझ्या पगारातला मोठा भाग तोच होता. आणि आमच्या जहाजावर ज्या प्रवाशाने ग्रॅच्युइटी काढली, त्याने हातात दिलेली रोखसुद्धा सगळ्यांच्या सामाईक टिपमध्ये जमा करावी लागायची. म्हणजे दाजींच्या त्या वेटरच्या खिशात ती राहिलीच असेल असं नाही. हे ऐकून ते गप्प झाले, पण पटलंय असं अजून म्हणत नाहीत.

स्ट्युअर्ड दिसत नाही कारण तो तुम्हाला बघत असतो. चपला दाराशी आहेत का, नाश्त्याला गेलात का, पोहायचे कपडे घेऊन निघालात का, यावरून तो वेळ साधतो. काहींना नावाने हाक मारणारा, दोन मिनिटं बोलणारा माणूस हवा असतो, काहींना चाहूलही नको असते. पहिल्या भेटीत त्याला तीस सेकंदांत हे ओळखायचं असतं. त्यापेक्षा तुम्हीच सांगा: केबिन किती वाजता रिकामी असते, बर्फ हवा का, उशी जास्त हवी का.

मी दोनच जहाजांवर काम केलंय, दोन्ही मोठी, त्यामुळे लहान जहाजांचं मी ऐकीव सांगतोय. आणि कामचुकार स्ट्युअर्डही असतात, माझ्या शेजारच्या सेक्शनला एक होता. केबिन खरोखरच घाण राहिली तर दुसऱ्याच दिवशी काउंटरवर सांगा. तेव्हा सुपरवायझर येऊन बघतो, माणूस बदलतो. शेवटच्या रात्री सांगितलंत तर फक्त पैसे कापले जातात.