चार वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली आहे. सगळ्यांचा स्वयंपाक एकच कसा करावा?

आमच्या धाकटीलाही हीच ॲलर्जी. त्याच्यापुरतं वेगळं शिजवत बसू नका, घरातला कुटाचा डबाच बंद करा. दोन प्रकार केले की इकडचा डाव तिकडे जातोच.

काकडीच्या कोशिंबिरीत कुटाऐवजी ओलं खोबरं घाला, वर हिंग-जिऱ्याची फोडणी. भरल्या वांग्यांना सुकं खोबरं भाजून वाटा. बेसन त्याला आधीपासून चालत असेल तर चमचाभर भाजून घाला, रस्सा दाट होतो. खरी पंचाईत साबुदाण्याच्या खिचडीची! कूट दाणे सुटे ठेवतं, ते नसलं की गोळा होतो. म्हणून साबुदाणा तीन-चारदा धुवा, पाणी जेमतेम बुडेल इतकंच ठेवा आणि बटाटा, खोबरं घालून परता. तिळाचं कूट मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, तिळाचीही ॲलर्जी असते.

दाणा लपतो कुठे? घाण्याच्या शेंगदाणा तेलात, मिक्सरच्या झाकणाच्या रबरात, हॉटेलच्या ग्रेव्हीत, चिवड्यात. आम्ही चटणीचं जुनं भांडं चक्क देऊन टाकलं. पाकिटावरची ॲलर्जीची ओळ दर वेळी वाचा.

"एवढ्याशानं काय होतंय," म्हणणाऱ्या आजीला एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या. आमच्याकडे त्यानंतरच लाडू थांबले. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला किंवा मूल एकदम मलूल झालं, तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरांनी जवळ ठेवायला ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं असेल तर ते लगेच टोचा आणि थेट हॉस्पिटल गाठा.