‘तुम्हाला हे कुणी सांगितलं?’

‘नाव न छापण्याच्या अटीवर’ हे चार शब्द आपण रोज वाचतो आणि पुढे जातो. ते छापणाऱ्याला पुढे कोर्टात ते नाव विचारलं तर काय होतं, यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रलेखकांची फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. अमेरिकेत वृत्तपत्र स्वातंत्र्य घटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत आहे. मग सूत्राचं नाव न सांगितल्याबद्दल बातमीदार ज्युडिथ मिलर यांना तुरुंगात कसं टाकलं? (नाशिक)

त्या दुरुस्तीचा अर्थ तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच लावून ठेवला होता. लुइव्हिलच्या पॉल ब्रँझबर्ग या बातमीदाराने हशिश तयार करणाऱ्या दोन तरुणांवर लिहिलं आणि ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, त्यांची नावं मागितली. पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला : ग्रँड ज्युरीपुढे बातमीदारालाही इतरांसारखीच साक्ष द्यावी लागेल. पुढे बहुतेक राज्यांनी आपापले संरक्षक कायदे केले. केंद्राचा कायदा मात्र झाला नाही, आणि मिलर यांचं प्रकरण नेमकं केंद्राचं होतं.

इराक युद्धासाठी दिलेलं एक कारण खोडून काढणारा लेख माजी राजदूत जोसेफ विल्सन यांनी जुलै २००३ मध्ये लिहिला. आठच दिवसांत स्तंभलेखक रॉबर्ट नोव्हाक यांनी विल्सन यांच्या पत्नी व्हॅलरी प्लेम सीआयए या गुप्तचर संस्थेसाठी काम करतात, हे छापून टाकलं. सरकारातून हे कुणी फोडलं, याचा तपास विशेष वकील पॅट्रिक फिट्झजेराल्ड यांच्याकडे आला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मिलर यांनी प्लेम यांच्यावर एक ओळही लिहिली नव्हती. तरी त्यांना समन्स आलं. त्यांनी बोलायला नकार दिला आणि ६ जुलै २००५ रोजी त्यांची रवानगी व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या कोठडीत झाली. तिथे त्या ८५ दिवस होत्या. ही कोठडी गुन्ह्याच्या शिक्षेची नव्हती, तोंड उघडायला लावण्यासाठीची होती. साक्ष द्यायला तयार झालं की सुटका. अखेर त्यांचे सूत्र, उपराष्ट्राध्यक्षांचे प्रमुख सहायक लुइस लिबी यांनी स्वतः फोनवर आणि पत्रातून त्यांना वचनातून मोकळं केलं, तेव्हा त्या बाहेर आल्या आणि साक्ष दिली.

मिलर यांच्याबद्दल मला आदर वाटतो आणि त्यांचा रागही येतो. लिबी यांचा उल्लेख ‘संसदेतला माजी कर्मचारी’ असा करायला त्या तयार झाल्या होत्या. लिबी पूर्वी तिथे कामाला होते, म्हणून शब्द खोटे नव्हते, पण वाचकाची त्यातून शुद्ध फसवणूक झाली असती. सत्तेत बसलेल्या माणसाला टीकाकाराविरुद्ध कुजबुज करायची असेल, तर त्याला आपण आडोसा का द्यावा? वचन दिल्यावर मिलर यांनी ते पाळलं, हे योग्यच केलं. इतक्या सहज द्यायला मात्र नको होतं. बातमीदारीतला खरा कठीण क्षण कोर्टात येत नाही. ‘नाव घालू नका हं’ असं समोरचा म्हणतो आणि आपण मान डोलावतो, तेव्हाच तो येऊन गेलेला असतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. चोरी पाहिलेल्या शेजाऱ्याला साक्ष द्यावी लागते. मग पत्रकारालाच नाव पोटात ठेवायची मुभा का? (सातारा)

सर, आजचा आपला कायदा तुमच्याच बाजूने आहे. १८७२च्या पुरावा कायद्याने वकील-अशील आणि नवरा-बायको यांच्यातल्या खासगी बोलण्याला संरक्षण दिलं, पत्रकाराला दिलं नाही. १ जुलै २०२४पासून त्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्यातही पत्रकार नाही.

पण कायद्याच्या त्याच प्रकरणात आणखी कुणाला मुभा आहे, ते पाहा. गुन्ह्याची खबर कुठून मिळाली, हे सांगायची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. जुन्या कायद्यात हे कलम १२५ होतं, नव्यात १३१ आहे. कारण साधं आहे. खबऱ्याचं नाव एकदा चारचौघांत घेतलं की पुढचा खबऱ्या फिरकत नाही. हे शहाणपण कायद्याला दीडशे वर्षांपूर्वी सुचलं होतं. आता समजा, खबर पोलिसांविरुद्धचीच आहे, किंवा ज्यांच्या शब्दावर पोलीस हलतात त्यांच्याविरुद्धची आहे. मग ती घेऊन माणूस कुठे जाणार? तो वर्तमानपत्राच्या कचेरीत येतो. पोलिसाच्या खबऱ्याला कायद्याचं पांघरूण आणि या माणसाला काहीच नाही, हे मला कधीच पटलेलं नाही.

विधी आयोगाने १९८३ मध्ये, आपल्या ९३व्या अहवालात, पुरावा कायद्यात यासाठी नवं कलम १३२-अ घालायला सुचवलं होतं. अख्खा कायदा नव्याने लिहिला गेला, तरी ते आलं नाही. प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५(२)मध्ये संरक्षण आहे, पण ते कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतंच, आणि कौन्सिलला कुणाला तुरुंगात धाडायचा अधिकारच नाही. पेगॅसस या फोनमधल्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूत्रांचं संरक्षण ही वृत्तपत्र स्वातंत्र्याची मूलभूत अट असल्याचं म्हटलं. तरीही जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीतल्या एका न्यायालयाने सीबीआयच्या एका प्रकरणात सांगितलं, की तपास यंत्रणेपासून सूत्र लपवण्याची सूट भारतातल्या कोणत्याही कायद्याने पत्रकारांना दिलेली नाही. तत्त्व मान्य झालं आहे, कलम मात्र नाही.

सरसकट सूट मीही मागत नाही. ब्रिटिश बातमीदार बिल गुडविन यांच्या प्रकरणात युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने १९९६ मध्ये जी कसोटी लावली, ती मला मान्य आहे : नाव मागणाऱ्याने त्याहून मोठं सार्वजनिक हित आधी सिद्ध करावं. म्हणजे जबाबदारी मागणाऱ्यावर येते. स्वीडन तर याच्याही पुढे गेला आहे. तिथे सूत्राचं नाव फोडणारा पत्रकारच गुन्हेगार ठरतो.

प्रश्न : मी तालुक्याचा वार्ताहर आहे. रेशन धान्याच्या बातमीनंतर पोलीस ठाण्यातून फोन आला : ‘साहेबांनी बोलावलंय, कागद कुणी दिले ते सांगून जा.’ काय करू? (बीड जिल्हा)

फोनवर बोलावलं म्हणून जाऊ नका. साक्षीदाराला बोलवायचं तर फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७९खाली लेखी आदेश लागतो. तो नम्रपणे मागा. आदेश आला तर मात्र टाळू नका. वकिलाला बरोबर घ्या.

तिथे काय बोलायचं? एकच गोष्ट : ‘नाव गुप्त ठेवायचं वचन मी दिलं आहे, ते सांगणार नाही.’ हे लेखी द्या आणि पोच घ्या. ‘पाकीट टपालाने आलं’ असली कहाणी रचू नका. गप्प राहणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. खोटं सांगितलं की तुमची बाजूच संपते. नोटीस आल्यावर कागद फाडणं किंवा फोन पुसणंही करू नका, पुरावा नष्ट केल्याचा नवा गुन्हा अंगावर येईल.

धोका लपवत नाही. विचारण्याचा अधिकार असलेल्या लोकसेवकाला उत्तर नाकारलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कोर्टात साक्षीदार म्हणून नाकारलं तर सात दिवसांपर्यंत कोठडी, आणि त्यानंतर अवमानाची कारवाई. म्हणून संपादकांशी आजच बोला. वकिलाचा खर्च कोण करणार, ते तुमच्या मागे उभे राहणार का, हे विचारा. तालुक्याचा वार्ताहर बहुतेकदा मानधनावर असतो आणि अशा वेळी एकटा पडतो. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

प्रश्न : महाराष्ट्राचा २०१७चा पत्रकार संरक्षण कायदा इथे उपयोगी पडेल का? (पुणे)

नाही. पत्रकारांवरचे हल्ले आणि माध्यमसंस्थांच्या मालमत्तेची नासधूस यांच्यासाठी तो आहे. सूत्राबद्दल त्यात काही नाही.

प्रश्न : सूत्रानेच खोटे कागद दिले तर वचन पाळायचं का? (कोल्हापूर)

कोल्हापूरहून हा प्रश्न यावा, हे मनाला भिडलं. कोल्हापूर संस्थानाचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्या होत असलेल्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली, ती ज्या पत्रांच्या आधारे केली ती बनावट निघाली. माफी मागूनही १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. हेतू स्वच्छ होता, पण कागद तपासलेला नव्हता.

माझं मत असं : जाणूनबुजून फसवणाऱ्याला दिलेलं वचन बांधील नाही, आणि हे त्याला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं. मात्र तो स्वतःच फसलेला असेल, तर वचन कायम राहतं आणि चूक आपली.

प्रश्न : मी सरकारी कचेरीत लिपिक आहे. एका कामातला गैरव्यवहार पत्रकाराला दाखवला, तर माझं नाव गुप्त राहीलच याची खात्री काय? (गावाचं नाव छापू नये)

खात्री देता येत नाही. पत्रकार तुरुंगात जायला तयार असला तरी नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या वीसहून अधिक फोन लाइनींच्या २०१२मधल्या दोन महिन्यांच्या नोंदी गुपचूप मिळवल्या. एकाही बातमीदाराला प्रश्न विचारावा लागला नाही. आपल्याकडे जप्त केलेला एक फोन तेच काम करतो.

माझ्याच हातून झालेली एक चूक सांगते. बातमीदारीच्या दिवसांत एका अभियंत्याने मला टिपणाची प्रत दिली. आम्ही तिचं छायाचित्र छापलं. कोपऱ्यात पेन्सिलची बारीक खूण होती, आणि तशी खूण ते एकटेच करत. महिन्याभरात त्यांची बदली झाली. नाव मी कुणाजवळही काढलं नव्हतं. त्यांच्या मुलीची दहावी होती त्या वर्षी.

म्हणून कचेरीचा फोन, ईमेल, झेरॉक्स मशीन यांपैकी काहीही वापरू नका. तो कागद किती जणांच्या हातांतून गेला आहे, ते आधी मोजा. दोघा-तिघांनीच पाहिला असेल तर त्याची प्रत देऊच नका. पत्रकाराला फक्त फाइलचा क्रमांक, तारीख आणि टेबल सांगा आणि तोच कागद माहिती अधिकारात मागायला सांगा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. बातमी महिनाभर उशिरा येईल, पण कागद सरकारी शिक्क्यानिशी बाहेर पडेल, आणि अर्जावर नाव असेल ते पत्रकाराचं.