व्यायाम, नजर आणि अवधान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. सकाळी धावून आल्यावर वाचनात लक्ष चांगले लागते आणि अक्षरेही ठळक वाटतात. हा भास आहे का?

उत्तर : लक्ष लागते हा भास नाही, मात्र बदल घडतो तो डोळ्यात नव्हे, मेंदूत. क्रिस नील आणि मायकेल स्ट्रायकर या अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये असे दाखवले की, हवेवर तरंगणाऱ्या चेंडूवर उंदीर धावू लागला की त्याच्या मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशींचा दृश्याला मिळणारा प्रतिसाद दुपटीहून अधिक वाढतो आणि तरीही कोणती पेशी कोणत्या कलाच्या रेषेला प्रतिसाद देते, हे बदलत नाही. उंदरांवरचा हा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या अनुभवाला अधिक जवळचा प्रयोग अमेरिकी संशोधक चार्ल्स हिलमन यांच्या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे साडेनऊ वर्षांची मुले ट्रेडमिलवर वीस मिनिटे मध्यम वेगाने चालली आणि हृदयाचे ठोके जवळपास पूर्ववत झाल्यावर त्यांची चाचणी घेतली, तेव्हा आजूबाजूच्या फसव्या खुणांकडे दुर्लक्ष करून नेमकी खूण ओळखण्यात ती अधिक अचूक ठरली. वाचनाचे आकलनही सुधारले. म्हणून दमछाक होईपर्यंत धावू नका, आणि धावून आल्यावर श्वास शांत झाला की वाचायला बसा.

प्रश्न : चालताना बाजूने येणारी दुचाकी मला चटकन जाणवते. चालण्याचा आणि नजरेचा खरोखर संबंध आहे का?

उत्तर : आहे. जर्मनीतील व्युर्ट्सबुर्ग येथे झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चालताना माणसाच्या मेंदूत दृष्टिक्षेत्राच्या कडेकडील माहितीवरची प्रक्रिया वाढलेली आढळली. चालणाऱ्याला वाटेच्या दोन्ही बाजूंचे भान लागतेच, त्यामुळे हे मला स्वाभाविक वाटते. परंतु हातातल्या मोबाइलवर डोळे खिळले असतील, तर या लाभावर विसंबून रस्ता ओलांडू नये, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : शीर्षासनाने नजर तीक्ष्ण होते आणि चष्मा सुटतो, असे ऐकले. खरे आहे का?

उत्तर : नाही. चष्म्याचा नंबर मुख्यतः नेत्रगोलाची लांबी, पारपटलाची (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची) वक्रता आणि डोळ्यातील भिंगाची शक्ती यांवर ठरतो. आसनाने ती बदलत नाहीत. उलट चेन्नईत ७५ योगाभ्यासकांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, शीर्षासन करताना डोळ्यातील दाब सुमारे दुप्पट झालेला आढळला. काचबिंदूत डोळ्यातील दाब वाढणे घातक असते, म्हणून काचबिंदू असलेल्यांनी हे आसन टाळावे, आणि घरात कोणाला काचबिंदू असेल तर नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये.